नारायण वामन टिळक : ज्यांच्या घराचे दार तरुणांस उघडे होते

आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत वडील माणसे पुष्कळदा चिंतेने विचारतात की, ख्रिस्ती घरात वाढलेली आपली मुले गीते तोंडपाठ म्हणतात, शास्त्रपाठ न चुकता सांगतात, नाताळाच्या कामात सर्वांच्या पुढे असतात. मग शेजारच्या सोबत्यापाशी प्रभूचे नाव काढावयाची वेळ आली म्हणजे त्यांची जीभ का अडखळते? उपदेशकांची चिंता याहून थोडी निराळी आहे. ते म्हणतात, तरुण येतात, बसतात, ऐकतात व निघून जातात. त्यांच्या विश्वासाची वाढ व्हावी म्हणून काय करावे? ह्या दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. विश्वास आधी पुरता वाढावा आणि मग तो दुसऱ्यास द्यावा, असे आपण समजतो. परंतु जो दिला जात नाही तो विश्वास वाढतही नाही, ही गोष्ट एका मराठी माणसाने आपल्या आयुष्याने दाखवून दिली. ते रेव्हरंड नारायण वामन टिळक होत.

त्यांची गीते आपण उपासनेत गातो, म्हणून त्यांचे नाव आपणांस परके नाही. आपल्या सोलापूर जिल्ह्याशी त्यांच्या घराण्याचा आणखीही एक संबंध आहे, तो सुखाचा नाही. टिळकांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण परीक्षेचा काही भाग आपल्याच पंढरपुरात घडला. ती हकिगत पुढे येईल.

बाळपण व भ्रमंती

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुळात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते व स्वभावाने कडक होते. आई जानकीबाई भाविक व काव्याची आवड असलेल्या होत्या. मुलाच्या मनात देवाविषयीची ओढ व कवितेची गोडी ही दोन्ही आईकडूनच आली. ती माउली मुलाच्या लहानपणीच वारली, आणि त्या दुःखाने घर सोडून निघालेला हा मुलगा नाशिकास गेला. तेथे गणेशशास्त्री लेले ह्या विद्वान शास्त्र्यांपाशी त्याने संस्कृताचे अध्ययन केले. इंग्रजी शाळेतही थोडा काळ काढला, परंतु धाकट्या भावंडांचा भार अंगावर आल्यामुळे ते शिक्षण अपुरेच राहिले.

नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखले यांच्या मनकर्णिका नावाच्या अकरा वर्षांच्या मुलीशी त्यांचे लग्न झाले. लग्नानंतर तिचे नाव लक्ष्मी झाले. पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक त्या ह्याच. तरुण टिळक एका जागी फार दिवस टिकत नसत. कोठे शाळेत शिकवावे, कोठे पुराण सांगावे, कोठे कीर्तन करावे, कोठे छापखान्यात काम धरावे, आणि मनात आले म्हणजे न सांगता निघून जावे, असे त्यांचे चालले होते. रागही लवकर येई. हातात पैसा आला तर तो मागणाऱ्याच्या हातात जाई व घरात चूल कशी पेटावी ही चिंता पत्नीच्या वाट्यास येई. थोर पुरुषाचे चरित्र लिहिताना हे दोष झाकण्याचे कारण नाही. देवाने ज्याला हाती धरिले तो असा होता, हे कळले म्हणजे आपल्या चंचल तरुणांविषयी आपणही आशा सोडणार नाही.

ह्या सर्व भटकण्यात एक शोध मात्र अखंड चालू होता. नागपुरास अप्पासाहेब बुटी ह्या धनिक गृहस्थांच्या आश्रयाने टिळकांनी ‘ऋषी’ नावाचे मासिक चालविले व त्यात धर्मविषयक प्रश्नांची चर्चा केली. जातिभेद देवाने केला काय? एकच देव सर्वांचा पिता असेल तर माणसे परस्परांचे भाऊ का नव्हेत? असे प्रश्न त्यांना झोप येऊ देत नव्हते. जुन्या रूढींत समाधान होईना, म्हणून एखादा नवा धर्मच स्थापन करावा असेही त्यांच्या मनात घोळू लागले होते.

आगगाडीतील भेट

१८९३ साली टिळक नागपुराहून राजनांदगाव संस्थानाकडे आगगाडीने जात होते. डब्यात एक युरोपीय गृहस्थ होते. त्या काळी साहेबाच्या शेजारी बसावयाचे म्हणजे अपमानाची तयारी ठेवूनच बसावे लागे. परंतु ह्या गृहस्थाने सरकून जागा दिली व सौजन्याने बोलणे सुरू केले. कवितेवरून गोष्ट धर्मावर गेली. त्यांनी वाद घातला नाही किंवा हिंदू धर्माची निंदा केली नाही. टिळकांच्या मनातील शोध त्यांनी ओळखिला, नव्या कराराची एक प्रत हाती दिली, प्रामाणिकपणे वाचण्यास सांगितले, आणि तसे वाचल्यास हा तरुण दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती होईल असे भाकीतही केले. टिळकांना ते बोलणे तेव्हा विपरीत वाटले. 

आपल्या उपदेशकांनी येथे थोडे थांबून विचार करावा. ज्याच्या हातून मराठी मंडळीला एवढा मोठा कवी मिळाला, तो केवळ एक सहप्रवासी होता. त्याने पेरिले आणि तो आपल्या वाटेने निघून गेला. आपण दिलेल्या पुस्तकाचे काय झाले हे आपणांस कळलेच पाहिजे असा आग्रह आपण धरितो. परंतु बी जमिनीत कसे रुजते हे शेतकऱ्यासही दिसत नाही.

टिळकांनी वचन दिल्याप्रमाणे वाचन चालविले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते पोहोचले, तेव्हा ते पुस्तक खाली ठेववेना. वर्षानुवर्षे मनात साठलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यांना त्या तीन अध्यायांत सापडू लागली. पुढे मुंबईच्या अमेरिकन मिशनचे डॉ. अॅबट यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. शंका विचारावी, उत्तर यावे, त्यावर पुन्हा शंका काढावी, असे दिवस गेले. लौकिक, नातेवाईक, पत्नी, मूल, ही सर्व एका बाजूस आणि प्रभू दुसऱ्या बाजूस, असे ते ओझे होते. शेवटी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो आपल्याच देशाच्या पाळकाच्या हातून व्हावा अशी त्यांची इच्छा होती व त्याप्रमाणे रेव्ह. तुकाराम नथोजी यांनी तो दिला. आगगाडीतील भेटीस तेव्हा दोन वर्षे होत आली होती.

पंढरपुरातील वर्षे

टिळकांनी बाप्तिस्म्याचा दिवस पत्नीस आधी सांगितला नव्हता. बातमी आली तेव्हा लक्ष्मीबाई दुःखाने वेड्यापिशा झाल्या. त्या काळी ब्राह्मणाने ख्रिस्ती होणे म्हणजे घरच्यांच्या लेखी तो मेल्यासारखेच होते. आणि पती जिवंत असून बाईच्या कपाळी वैधव्यासारखे जिणे येई. नातेवाईकांनी त्यांना व लहान दत्तूला आपल्याजवळ ठेविले. ह्या ताटातुटीतील काही काळ लक्ष्मीबाईंनी पंढरपुरात काढिला. वाळवंटात टाळ-मृदंगाचा गजर चालला असता ही बाई आपला संसार कोणी मोडला ह्याचे उत्तर शोधीत होती.

टिळकांपुढे तेव्हा खरी परीक्षा उभी राहिली. अनोळखी लोकांस शुभवर्तमान सांगणे सोपे असते; ज्या माणसास आपण दुखविले आहे त्यास ते सांगणे फार कठीण. त्यांनी पत्रे लिहिली, कविता पाठविल्या, स्वतः भेटावयास आले, अपमान सोसले. लक्ष्मीबाई अखेर नगरास आल्या तेव्हाही त्यांनी धर्म बदलण्याची अट घातली नाही. पत्नीचे सोवळे सांभाळता यावे, तिचा स्वयंपाक व पाणी वेगळे राहावे, अशी व्यवस्था त्या ख्रिस्ती गृहस्थाने आपणच करून दिली. बाहेर उपदेश करणारा माणूस घरात मुकाट्याने वाट पाहत होता.

अशा रीतीने दिवस गेले. मग लक्ष्मीबाईंनी आपल्याच विचाराने जातिभेदाची बेडी तोडली. माणसांत उच्चनीच देवाने केलेले नाही, असे त्यांच्या मनाने घेतले व सोवळे आपोआप गळून पडले. १९०० साली त्यांनी व दत्तूने बाप्तिस्मा घेतला. पुढे त्या स्वतः कीर्तन करू लागल्या, आणि १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘स्मृतिचित्रां’नी मराठी वाङ्मयात कायमचे स्थान मिळविले. पतीने घाई केली असती तर एक रागावलेली, नावाची ख्रिस्ती बाई त्यांना मिळाली असती. त्यांनी वाट पाहिली म्हणून आपणांस लक्ष्मीबाई मिळाल्या.

अहमदनगर : शिकविणे व शिकणे

बाप्तिस्म्यानंतर टिळकांचे मुख्य ठिकाण अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, हे झाले. तेथील अमेरिकन मिशनच्या धर्मशिक्षण शाळेत ते भावी उपदेशकांस शिकवीत. १९०४ साली त्यांस पाळकपणाची दीक्षा मिळाली. १८९९-१९०० च्या भयंकर दुष्काळानंतर मिशनच्या शाळांत आईबापांविना उरलेली पुष्कळ मुले आली होती. सोलापूर भागातही त्या दुष्काळाने हाहाकार केला होता. ह्या मुलांपुढे व खेड्यांतून आलेल्या तरुणांपुढे टिळक उभे राहिले, तेव्हा त्यांना एक गोष्ट ठळकपणे दिसली. हे तरुण प्रार्थना करीत ती साहेबाच्या मराठीत, गात ती बरीचशी इंग्रजी चालींवर भाषांतरित केलेली गीते. शब्द ओठांवर येत, पण काळजात उतरत नसत. आपला धर्म परका आहे अशी ज्या तरुणाची मनातून समजूत असते, तो शेजाऱ्यास तो कसा सांगणार?

टिळकांनी त्यावर तोड काढली ती मोठ्या सभेतून ठराव करून नव्हे. त्यांनी गीते लिहिली. अभंग, ओवी, भजन, पदे, जी वृत्ते व चाली मराठी माणसाने जात्यावर, शेतात व दिंडीत ऐकिलेल्या, त्यांतच ख्रिस्ताचे प्रेम त्यांनी गाइले. ज्ञानोबा-तुकोबांची वाणी त्यांच्या रक्तात मुरलेली होती. तुकोबांच्या भक्तीच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशी आलो अशी कबुली ते मोकळ्या मनाने देत. कीर्तनाची आपली जुनी पद्धत नगर भागातील ख्रिस्ती मंडळीत कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी आधीच आणिली होती. टिळकांनी तिला आपल्या काव्याचे बळ दिले. ह्याचे फळ असे झाले की, खेड्यातील ख्रिस्ती तरुण झांजा घेऊन ओट्यावर बसला म्हणजे शेजारीपाजारी आपण होऊन जमू लागले. ओळखीच्या चालीत गाइलेले ऐकावयास कोणास संकोच वाटत नाही.

दुसरी गोष्ट देशप्रेमाची. ख्रिस्ती झाला म्हणजे तो हिंदुस्थानाचा राहिला नाही, असा समज त्या काळी सर्वत्र होता व काही ख्रिस्ती लोकांच्या वागण्याने तो वाढतही होता. टिळकांनी देशावर उत्कट कविता लिहिल्या व ख्रिस्तावर प्रेम करणारा देशावर अधिकच प्रेम करितो हे तरुणांच्या मनावर ठसविले. १९१२ पासून मृत्यूपर्यंत ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते. तेथूनही त्यांनी हाच धडा दिला.

जळगावचा मुलगा

टिळकांचा तरुणांवरील लोभ कसा होता हे एका मुलाच्या हकिगतीवरून स्पष्ट होते. १९०७ साली जळगावास मराठी कवींचे संमेलन भरले होते. तेथे एका सोळा वर्षांच्या मुलाने स्वतः रचलेल्या ओळी म्हणून दाखविल्या व जमलेल्या थोर मंडळींस चकित केले. त्र्यंबक बापूजी ठोमरे त्याचे नाव. महाराष्ट्र त्यास पुढे बालकवी म्हणून ओळखू लागला. टिळकांनी त्या मुलातील तेज ओळखिले व पुढे त्यास नगरास आपल्या घरी आणिले. टिळक पतिपत्नींनी त्याला मुलासारखे सांभाळिले.

ते घर तसे तंगीचेच असे. तरी तेथे कोणी विद्यार्थी, कोणी कवी, कोणी अनाथ, कोणी शंकेखोर असा नेहमी असावयाचाच. ठोमरे हिंदू होते व हिंदूच राहिले. टिळकांच्या घरची प्रार्थना त्यांनी रोज ऐकिली असेल, यजमानांचे प्रभूवरील प्रेम डोळ्यांनी पाहिले असेल. पण त्यांचा बाप्तिस्मा झाला नाही, आणि त्यामुळे टिळकांचे प्रेम तिळभरही कमी झाले नाही. ५ मे १९१८ रोजी हा तरुण कवी रेल्वेच्या अपघातात अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षाच्या आत मरण पावला.

मग टिळकांचे श्रम वाया गेले काय? असा प्रश्न एखादा उपदेशक विचारील. ज्याला दर महिन्यास कामाचा अहवाल द्यावयाचा असतो त्याच्या मनात तो येणे साहजिक आहे. परंतु प्रभूने दहा कुष्ठरोगी शुद्ध केले व एकच परत आला. तरी उरलेल्या नऊ जणांचे आरोग्य त्याने परत घेतले नाही. प्रीती ही गळाला लावलेले आमिष नव्हे. तरुणास हा फरक फार लवकर कळतो. आपल्यावर कोणी हिशेबाने प्रेम करीत आहे असा त्यास संशय आला, की पुढचा उपदेश कितीही गोड असो, त्याचे कान बंद होतात.

सातारा व शेवट

पगारी उपदेशक खरा असला तरी ऐकणाऱ्यास तो पगारासाठी बोलतो असे वाटते, हे शल्य टिळकांच्या मनात बरीच वर्षे होते. मिशनच्या पुष्कळ गोऱ्या बंधूंविषयी त्यांना आदर होता, तरी देणारा व घेणारा असे नाते जेथे पडते तेथे बंधुत्व पांगळे होते, असे त्यांस दिसून आले. १९१७ साली त्यांनी मिशनचे वेतन सोडिले. तेव्हा त्यांचे वय छप्पन्नच्या घरात होते व प्रकृतीही खालावलेली होती. साताऱ्यास जाऊन त्यांनी ‘देवाचा दरबार’ ह्या नावाने एक बंधुसमाज आरंभिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, पण येशूचे शिष्य म्हणवून घेण्यास तयार असलेले, असे सर्व त्यात यावेत, त्यांनी साधेपणाने राहावे व आपल्या देशबांधवांची सेवा करावी, ही त्यांची कल्पना होती.

बाप्तिस्मा न घेतलेल्यांस अशी जागा द्यावी काय, ह्याविषयी त्या वेळी मतभेद झाले व आजही होतील. तो वाद येथे सोडविण्याचे कारण नाही. एवढे मात्र लक्षात ठेवावे की, टिळकांनी स्वतः बाप्तिस्म्यासाठी पत्नी, आप्त व लौकिक पणास लाविला होता. ते त्यास क्षुल्लक लेखीत नव्हते. उंबरठ्यावर घुटमळणाऱ्यास दारातच ताटकळत ठेवू नये, आत बोलावून चुलीजवळ बसवावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. कारण तेही एके काळी उंबरठ्यावर उभे होते.

पुरती दोन वर्षेही त्यांस मिळाली नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईस ते प्रभूकडे गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहास, आपल्या देशाच्या चालीस अनुसरून, अग्नी देण्यात आला. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले. लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. दरबारही संस्थापकामागे फार काळ टिकला नाही. तथापि ती ठिणगी विझली नाही. टिळकांचे स्नेही, इंग्रज पाळक जॅक विन्स्लो यांनी १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. त्यात हिंदी व इंग्रज बंधू साध्या देशी रीतीने एकत्र राहत व सेवा करीत. विन्स्लो यांनीच पुढच्या वर्षी टिळकांचे इंग्रजी चरित्रही प्रसिद्ध केले.

आपणांसाठी

प्रिय तरुण बंधुभगिनींनो, टिळक पूर्ण होऊन मग साक्ष देऊ लागले नाहीत. राग, चंचलपणा, विसराळूपणा हे त्यांच्याबरोबर पुष्कळ दूर चालत आले. परंतु जे मिळाले ते त्यांनी त्याच दिवशी वाटावयास घेतले, आणि वाटता वाटता ते स्वतः वाढले. पत्नीची वाट पाहताना ते धीर शिकले. मुलांस शिकविताना त्यांना आपली गीते सापडली. ठोमऱ्यांसारख्यास घरात घेऊन ते निरपेक्ष प्रीती शिकले. विहिरीचे पाणी उपसले म्हणजे झरे मोकळे होतात. उपसा थांबला की तेच पाणी हिरवे पडते, हे आपल्या कोरड्या मुलखातील शेतकऱ्यास सांगावयास नको.

तेव्हा मोठ्या सभेची वाट पाहू नका. तुमच्या गावात आषाढीच्या वाटेने वारकरी जात असतील. त्यांस तांब्याभर पाणी द्या, त्यांचे अभंग आदराने ऐका, आणि त्यांनी विचारले तर आपलाही एक अभंग गा. कामधंद्यासाठी सोलापूर-पुण्यास गेलेल्या तुमच्या सोबत्यास पत्र लिहा. ज्याच्या मनात शंका आहेत त्यास शुभवर्तमानाची प्रत द्या व वाद न घालता त्याच्याबरोबर वाचीत बसा. त्याने न स्वीकारले तरी मैत्री सोडू नका.

आणि उपदेशक बंधूंनो, आपल्या मंडळीतील तरुणांस केवळ श्रोते ठेवू नका. एकास कीर्तनात साथीस घ्या, एकास लहान मुलांचा वर्ग द्या, एकाच्या शंका रात्री आपल्या ओसरीवर बसून ऐका. आठवड्यातून एकदा तरी एखाद्या तरुणास आपल्या भाकरीत वाटेकरी करा. टिळकांचे घर गरीब होते. तरी त्या घराच्या भाकरीवर वाढलेली माणसे महाराष्ट्र अद्याप विसरलेला नाही. तसे एक दार आपल्या प्रत्येक गावात उघडे असावे, अशी प्रभू कृपा करो.